मॅकगिल विद्यापीठाचा हॉकी क्लब : पहिली तीन दशके

कॅनडातील मॉन्ट्रियल शहराच्या मॅकगिल विद्यापीठातील हॉकी क्लब ३१ जानेवारी १८७७ हा आपला स्थापनादिन मानतो. संघटित आइस हॉकीचा जगातील पहिला क्लब म्हणून त्याचे नाव घेतले जाते. या मानाचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा. बर्फावर काठीने चेंडू मारत पळण्याचा खेळ मॅकगिलच्या विद्यार्थ्यांनी शोधून काढला नाही. तो त्याआधी इंग्लंडमधील गोठलेल्या तळ्यांवर खेळला जात होता आणि कॅनडाच्या नोव्हा स्कोशिया प्रांतातही त्याची चांगलीच ओळख होती. मॅकगिलच्या मुलांनी या खेळाला ठरावीक संघ दिला, छापील नियमांनुसार खेळण्याची शिस्त लावली आणि सामना खेळायला कायम तयार असलेला क्लब उभा केला. एका गावचा खेळ दुसऱ्या गावाला तंटा न होता खेळता यावा, यासाठी लागणारी ही सामग्री होती. क्लबाचे खरे कर्तृत्व तेच आहे.

जेम्स मॅकगिल या व्यापाऱ्याने मृत्युपत्राने दिलेल्या जमिनीतून आणि पैशातून विद्यापीठ उभे राहिले. १८२१ मध्ये त्याला राजसनद मिळाली. माउंट रॉयल या टेकडीच्या पायथ्याशी, शेरब्रुक स्ट्रीटच्या वरच्या अंगाला त्याचे आवार पसरले होते. १८५५ पासून १८९३ पर्यंत भूवैज्ञानिक जॉन विल्यम डॉसन हे प्राचार्य होते आणि त्यांच्या काळात वैद्यक, कायदा, अभियांत्रिकी या शाखा भरभराटीला आल्या. मॉन्ट्रियलचा हिवाळा दीर्घ असतो आणि सेंट लॉरेन्ससारखी विस्तीर्ण नदीही त्यात गोठते. विद्यापीठाचे सत्र नेमके याच महिन्यांत चालत असल्याने फुटबॉलचे मैदान बर्फाखाली गेले की विद्यार्थ्यांना खेळायला दुसरे काहीतरी हवेच असे.

नियमांच्या बाबतीत मॅकगिलचे विद्यार्थी तोवर नवशिके राहिले नव्हते. मे १८७४ मध्ये त्यांचा फुटबॉल संघ मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे जाऊन हार्वर्डशी दोन सामने खेळला. दोन्ही विद्यापीठांचे नियम वेगळे असल्याने पहिला सामना हार्वर्डच्या पद्धतीने आणि दुसऱ्या दिवशीचा मॅकगिलच्या, म्हणजे रग्बीच्या पद्धतीने खेळवण्यात आला. पहिला हार्वर्डने जिंकला, दुसरा गोलाविना बरोबरीत सुटला. हार्वर्डच्या मुलांना पाहुण्यांचा खेळ इतका आवडला की त्यांनी तो उचलला, आणि पुढच्या अमेरिकन फुटबॉलची एक वाट तिथून निघाली. खेळाचे नियम लिहिलेले असले की खेळ प्रवास करू शकतो, याचा प्रत्यक्ष अनुभव मॅकगिलला हॉकीच्या आधीच आला होता.

क्लबाच्या जन्मामागे ज्यांचा हात होता ते जेम्स जॉर्ज एल्विन क्रेटन मूळचे विद्यार्थी नव्हते. १८५० साली नोव्हा स्कोशियाच्या हॅलिफॅक्स शहरात त्यांचा जन्म झाला, तिथल्याच डलहौसी महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली आणि १८७२ मध्ये अभियंता म्हणून ते मॉन्ट्रियलला आले. हॅलिफॅक्सच्या परिसरात गोठलेल्या तळ्यांवर हॉकी खेळली जाई. तिथले मिगमॉ हे मूळ रहिवासी लाकडाच्या उत्तम काठ्या घडवत आणि जवळच्या डार्टमथमधील स्टार कारखान्यात तरफेच्या एका झटक्याने बुटाला घट्ट बसणारे स्केट बनत. क्रेटन स्वतः फिगर स्केटिंगमध्ये मुरलेले होते. मॉन्ट्रियलमधील व्हिक्टोरिया स्केटिंग रिंकमध्ये त्यांची ऊठबस होती आणि फुटबॉल खेळणाऱ्या तरुणांशी मैत्री होती. हिवाळ्यात या मित्रांना अंगमेहनतीचा खेळ मिळावा म्हणून त्यांनी हॉकी पुढे केली.

३ मार्च १८७५ रोजी व्हिक्टोरिया रिंकमध्ये नऊ-नऊ खेळाडूंचे दोन संघ समोरासमोर आले. सामना होणार असल्याची सूचना त्याच दिवशीच्या ‘मॉन्ट्रियल गॅझेट’मध्ये छापून आली होती, आणि दुसऱ्या दिवशी त्याचा वृत्तान्तही आला. क्रेटन यांच्या संघाने चार्ल्स टॉरन्स यांच्या संघावर २–१ अशी मात केली. खेळाडूंत मॅकगिलचे अनेक विद्यार्थी होते. बंदिस्त जागेत, जाहीर सूचना देऊन, ठरावीक खेळाडूंनिशी आणि गोलांची नोंद ठेवून झालेला हा पहिला सामना मानला जातो.

हा सामना छपराखाली झाला, आणि त्या छपराने खेळाचे रूप बदलले. १८६२ मध्ये बांधलेल्या त्या रिंकचा बर्फ साधारण २०४ फूट लांब आणि ८० फूट रुंद होता. आजचे उत्तर अमेरिकेतील मैदान २०० बाय ८५ फुटांचे असते, म्हणजे त्या एका इमारतीचे माप पुढे अवघ्या खेळाचे माप झाले असे म्हणायला हरकत नाही. तळ्यावर कितीही माणसे खेळू शकत, इथे संख्या मर्यादित ठेवणे भाग पडले. कडेला प्रेक्षक उभे असत, त्यामुळे उसळणारा चेंडू धोक्याचा होता. त्याऐवजी बर्फालगत सरकणारी लाकडाची सपाट गोल चकती वापरली गेली. आजच्या पकाची ही पूर्वज. त्या संध्याकाळचा शेवट मात्र गोड झाला नाही. रिंकवर नेहमीचे स्केटिंग करू पाहणाऱ्या सभासदांशी खेळाडूंची हातघाई झाली आणि बाके मोडल्याची बातमी किंग्स्टनच्या वृत्तपत्रापर्यंत पोहोचली.

त्यानंतरचे दोन हिवाळे असेच सामने होत राहिले, पण संघ त्या त्या दिवसापुरते जुळत आणि विखुरत. जानेवारी १८७७ अखेरीस मॅकगिलच्या विद्यार्थ्यांनी क्लब स्थापन केला तेव्हा पहिल्यांदा हॉकी खेळणाऱ्या मंडळींना नाव आणि सातत्य मिळाले. क्लब विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्यांसाठी चालवलेला होता. फुटबॉलमधली बरीच मुले हिवाळ्यात हॉकीकडे वळली, त्यामुळे त्यांच्या खेळात रग्बीचा धसमुसळेपणा आणि रग्बीची शिस्त दोन्ही उतरली. क्रेटन यांनी त्याच वर्षी मॅकगिलमध्ये कायद्याच्या अभ्यासाला सुरुवात केली आणि १८८० मध्ये पदवी घेतली. ज्याने शहराला हा खेळ दाखवला तोच विद्यापीठाचा विद्यार्थी झाला, हा योग क्लबाच्या पथ्यावर पडला.

स्थापनेनंतर महिन्याभरात, २७ फेब्रुवारी १८७७ रोजी, ‘मॉन्ट्रियल गॅझेट’ने बर्फावरील हॉकीचे सात नियम छापले. क्लबाच्या सुरुवातीच्या इतिहासातील हा सर्वांत मोलाचा कागद आहे. त्यातील मजकुराचा बहुतेक भाग इंग्लंडमध्ये १८७५ साली तयार झालेल्या मैदानी हॉकीच्या नियमांवरून घेतलेला होता. भारतात पुढे रुजलेल्या हॉकीचा आणि कॅनडाच्या या खेळाचा उगम अशा रीतीने एकाच नियमावलीत सापडतो. काही ठिकाणी ‘मैदान’ हा शब्द बदलून ‘बर्फ’ केला होता, काही ठिकाणी तसाच राहून गेला होता. चकतीलाही या नियमांत चेंडूच म्हटले आहे.

पहिल्या नियमानुसार खेळ मध्यभागी बुलीने, म्हणजे दोन प्रतिस्पर्धी खेळाडूंनी समोरासमोर काठ्या भिडवून चेंडूसाठी झुंजण्याने, सुरू होई. दुसरा नियम सर्वांत महत्त्वाचा. चेंडू मारताना आपल्या बाजूचा जो खेळाडू प्रतिपक्षाच्या गोलरेषेच्या अधिक जवळ असेल तो खेळाबाहेर समजला जाई, आणि दुसऱ्या कोणी चेंडू खेळेपर्यंत त्याला हात लावता येत नसे. खेळाडूने नेहमी चेंडूच्या मागेच राहायचे, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. म्हणजे पुढे पास देण्याची सोयच नव्हती. चेंडू काठीने खेळवत स्वतः पुढे न्यायचा किंवा बाजूला, मागे सोडायचा, एवढेच हातात उरे. तिसऱ्या नियमाने काठी खांद्याच्या वर नेणे, मागून धडक मारणे, पाय अडकवून पाडणे, गळपट्टी धरणे, लाथ मारणे यांना मनाई केली. चौथ्यात आणि पाचव्यात चेंडू गोलरेषेमागे किंवा बाजूला गेला तर तो पुन्हा खेळात कसा आणायचा हे सांगितले होते. गोलरेषेमागे गेलेला चेंडू १५ यार्ड पुढे आणून बुली करायची, ही तरतूद मोकळ्या मैदानातून जशीच्या तशी आलेली दिसते. सहाव्या नियमानुसार कोणत्याही चुकीला एकच उपाय होता, चेंडू मागे आणून पुन्हा बुली. सातव्याने वादाचा निर्णय पंचांवर सोपवला आणि पंचांचे न जमल्यास रेफ्रीवर.

हे नियम कोणी लिहिले यावर पुढे बराच वाद झाला. मॅकगिलचे विल्यम फ्लीट रॉबर्टसन, रिचर्ड स्मिथ आणि डब्ल्यू. एल. मरे या तीन विद्यार्थ्यांनी १८७९ मध्ये हॉकीचे पहिले नियम तयार केले, अशी हकिकत काही दशकांनी सांगितली जाऊ लागली. रॉबर्टसन यांनी इंग्लंडच्या दौऱ्यात मैदानी हॉकी पाहिली आणि परतल्यावर स्मिथ यांच्यासोबत तिची सांगड रग्बीशी घातली, असे त्या हकिकतीत येते. विद्यापीठात ही कथा दीर्घकाळ प्रिय होती. पण १८७७ चा छापील मजकूर समोर असताना १८७९ चे नियम पहिले ठरू शकत नाहीत. म्हणून या तिघांचे श्रेय पुसून टाकण्याचेही कारण नाही. मैदानी हॉकीसाठी लिहिलेले नियम बर्फावर पुरेसे पडत नाहीत हे रोज खेळणाऱ्यांनाच कळणार, आणि त्या काळात रोज खेळणारे हे विद्यार्थीच होते. रॉबर्टसन पुढे ब्रिटिश कोलंबिया प्रांताचे खनिजतज्ज्ञ म्हणून नावारूपाला आले.

त्या वेळचा खेळ आजच्या प्रेक्षकाला संथ वाटेल, पण खेळणाऱ्यांसाठी तो दमछाक करणारा होता. बदली खेळाडूची पद्धत नव्हती. जो उतरला त्याने शेवटपर्यंत खेळायचे. गोल म्हणजे बर्फात रोवलेले दोन खांब, त्यांना जाळे नव्हते. त्यामुळे गोल झाला की नाही यावरून पंचाशी वाद ठरलेला असे. गोलरक्षकाला उभे राहूनच चकती अडवावी लागे. पुढे नियमांतच त्याने झोपू, बसू किंवा गुडघे टेकू नये असे घातले गेले. पुढे पास देता येत नसल्याने चकती घेऊन एकट्याने मुसंडी मारणाऱ्या खेळाडूला भाव होता आणि त्याला खेटून चालणाऱ्या साथीदारांची समज हेच संघाचे बळ होते.

१८८१ मध्ये काढलेले मॅकगिल संघाचे एक छायाचित्र उपलब्ध आहे. गणवेशातील हॉकी संघाच्या सर्वांत जुन्या छायाचित्रांत त्याची गणना होते. चार वर्षांत क्लब एवढा स्थिरावला होता.

क्लबाला पहिले मोठे यश १८८३ मध्ये मिळाले. मॉन्ट्रियलचा हिवाळा ही अडचण न मानता त्याचाच उत्सव करावा, या कल्पनेतून त्या वर्षीच्या जानेवारीत हिवाळी जत्रा भरली. डोमिनियन चौकात बर्फाच्या विटांचा राजवाडा उभारण्यात आला आणि स्नोशू, घसरगाड्या, कर्लिंग यांच्या जोडीला हॉकीची स्पर्धा ठेवण्यात आली. आइस हॉकीची ही पहिली स्पर्धा. मॅकगिल, मॉन्ट्रियलचाच व्हिक्टोरियाज संघ आणि क्वेबेक शहराचा संघ असे तिघे त्यात उतरले. सामने सेंट लॉरेन्स नदीच्या गोठलेल्या पात्रावर झाले, संघात सात-सात खेळाडू होते आणि विजेतेपद मॅकगिलने पटकावले. मिळालेला चांदीचा चषक आता मॉन्ट्रियलच्या मॅकॉर्ड संग्रहालयात आहे. पुढे या खेळात सर्वोच्च मानाचा ठरलेल्या स्टॅन्ली चषकाच्या दहा वर्षे आधीचा हा चषक विद्यार्थ्यांनी जिंकला होता, ही गोष्ट हॉकीच्या लोकप्रिय इतिहासांत फारशी सांगितली जात नाही. तिला अधिक जागा मिळायला हवी.

या सामन्यांचा परिणाम क्लबापुरता राहिला नाही. जत्रेतली हॉकी पाहून परतलेल्या ओटावाच्या तरुणांनी त्याच वर्षी आपल्या शहरात क्लब काढला आणि पुढच्या जत्रेत तो उतरलाही. विद्यापीठाच्या आवारातील उघड्या बर्फावर १८८४ मध्ये चाललेल्या सामन्याचेही छायाचित्र आहे. १८८५ मध्ये मॉन्ट्रियलवर देवीच्या साथीचे भयंकर संकट आले. तीन हजारांहून अधिक माणसे दगावली आणि १८८६ ची जत्रा रद्द झाली. जत्रेवर अवलंबून राहिले तर खेळाचा हंगाम कधीही बुडू शकतो, हे यातून सर्वच क्लबांना दिसले.

८ डिसेंबर १८८६ रोजी व्हिक्टोरिया रिंकमध्ये कॅनडाच्या हौशी हॉकी संघटनेची स्थापना झाली. मॅकगिल, व्हिक्टोरियाज, मॉन्ट्रियल हॉकी क्लब, क्रिस्टल्स आणि ओटावा हे पाच संस्थापक सदस्य होते आणि ओटावाचे थॉमस ग्रीन पहिले अध्यक्ष झाले. संघटनेने सामन्याला ३०-३० मिनिटांचे दोन भाग आणि मध्ये १० मिनिटांची विश्रांती ठरवून दिली. खेळाडू सात, चकती व्हल्कनाइज्ड रबराची, एक इंच जाड आणि तीन इंच व्यासाची, काठीचे पाते तीन इंचांहून रुंद नको, गोलाचे खांब सहा फुटांच्या अंतरावर, असे सर्व तपशील निश्चित झाले. चकतीचे ते माप आजही तेच आहे. १८७७ चे सात नियम आणि ही नियमावली शेजारी ठेवून पाहिली की नऊ वर्षांत मैदानी हॉकीचा मजकूर मागे पडून बर्फावरच्या अनुभवाने त्याची जागा घेतल्याचे दिसते. पुढे पास न देण्याचा नियम तेवढा कायम राहिला.

संघटनेच्या स्पर्धेत मात्र विद्यापीठाचा संघ हळूहळू मागे पडला. १८८८ ते १८९४ अशी सलग सात वर्षे मॉन्ट्रियल हॉकी क्लबाने अजिंक्यपद राखले. गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांनी १८८९ च्या जत्रेत व्हिक्टोरिया रिंकमध्ये आपला पहिला सामना पाहिला, १८९२ मध्ये चषक देऊ केला आणि १८९३ मध्ये तो प्रथम याच क्लबाला मिळाला. मॅकगिलला स्टॅन्ली चषक कधीही जिंकता आला नाही. त्यात कमीपणा नाही. नागरी क्लबातले खेळाडू वर्षानुवर्षे एकत्र खेळत, तर विद्यापीठाचा तयार झालेला खेळाडू पदवी मिळताच निघून जाई आणि दर दोन-तीन हंगामांनी संघ नव्याने बांधावा लागे. शतकाच्या अखेरीस खेळात पैसाही शिरू लागला होता आणि त्या स्पर्धेत विद्यार्थ्यांनी उतरावे असे कोणालाच वाटत नव्हते.

विद्यापीठ संघांची खरी बरोबरी विद्यापीठांशीच होती. किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठाने १८८६ मध्ये तिथल्या लष्करी महाविद्यालयाशी सामना खेळून सुरुवात केली होती आणि १८९५ मध्ये स्टॅन्ली चषकासाठी आव्हान देण्यापर्यंत मजल मारली होती. १८९० च्या दशकात टोरांटो विद्यापीठाचा संघही तयार झाला. अमेरिकेत येल आणि जॉन्स हॉपकिन्स यांचा सामना १८९६ मध्ये झाला. मॅकगिलमध्ये १८८४ पासून स्त्रियांना प्रवेश मिळू लागला होता आणि १८९० च्या दशकात विद्यार्थिनीही बर्फावर हॉकी खेळू लागल्या. १९०२–०३ च्या हंगामात मॅकगिल, क्वीन्स आणि टोरांटो यांनी आंतरविद्यापीठ हॉकी संघटना स्थापन केली. तेव्हापासून क्लबाला दरवर्षीचे निश्चित सामने, समान वयाचे प्रतिस्पर्धी आणि स्वतःचे वेगळे क्षेत्र मिळाले.

या तीन दशकांत बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनी खेळ दूरवर नेला. क्रेटन १८८२ मध्ये ओटावाला गेले आणि कॅनडाच्या सिनेटचे विधी अधिकारी म्हणून १९३० मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे ४८ वर्षे, त्यांनी काम केले. तिथे लॉर्ड स्टॅन्ली यांच्या मुलांसोबत ते ‘रिडो रेबल्स’ या संघातून खेळत. या मुलांच्या उत्साहाचाही चषक देण्याच्या निर्णयात वाटा होता. क्रेटन यांची ओटावातील कबर जवळजवळ ८० वर्षे नामफलकाविना होती. हॉकीच्या संशोधकांनी २००९ मध्ये तिथे शिळा बसवली.

लेस्टर आणि फ्रँक पॅट्रिक या भावांचे नावही क्लबाशी जोडलेले आहे. दोघेही मॅकगिलमधून खेळले. लेस्टर यांनी शिक्षण लवकर सोडले, फ्रँक १९०८ मध्ये पदवीधर झाले. १९११ मध्ये त्यांनी कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर स्वतंत्र व्यावसायिक लीग सुरू केली आणि व्हँकूव्हर व व्हिक्टोरिया येथे देशातील पहिल्या कृत्रिम बर्फाच्या रिंक बांधल्या. १९१३ च्या सुमारास या लीगने मैदानावर दोन निळ्या रेषा आखल्या आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात पुढे पास देण्याची मुभा दिली. १८७७ च्या दुसऱ्या नियमाने घातलेले बंधन मॅकगिलच्याच माजी खेळाडूंनी सैल केले आणि आजच्या वेगवान हॉकीची वाट त्यामुळे मोकळी झाली.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि विद्यार्थी मोठ्या संख्येने सैन्यात दाखल झाले. हॉकी, फुटबॉल आणि मैदानी शर्यतींत चमकलेले मॅकगिलचे पर्सिव्हल मॉल्सन जुलै १९१७ मध्ये फ्रान्समध्ये मारले गेले. विद्यापीठाच्या क्रीडागाराला १९१९ मध्ये त्यांचे नाव देण्यात आले. क्लबाच्या इतिहासाचा पहिला कालखंड या युद्धाशी संपतो. संघ त्यानंतरही खेळत राहिला आणि मार्च २०१२ मध्ये, स्थापनेला १३५ वर्षे झाल्यावर, फ्रेडरिक्टन येथील अंतिम सामन्यात वेस्टर्न विद्यापीठाला जादा वेळेत हरवून मॅकगिलच्या पुरुष संघाने कॅनडाचे आंतरविद्यापीठ राष्ट्रीय अजिंक्यपद पहिल्यांदा मिळवले.